फॉल्स सीलिंगची टाइल : जुन्याला नवे जुळवताना

बँकेची शाखा, रुग्णालयाचा प्रतीक्षाकक्ष, महाविद्यालयाचे कार्यालय किंवा एखादे सार्वजनिक ग्रंथालय. शहरांतील अशा बहुतेक वास्तूंमध्ये डोक्यावर पांढऱ्या चौकोनांचे छत दिसते. ‘फॉल्स सीलिंग’ या नावाने ते सर्वांच्या परिचयाचे आहे. मूळ स्लॅबपासून तारांनी टांगलेला धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि त्या सांगाड्याच्या चौकटींत नुसत्या ठेवलेल्या हलक्या टाइल्स, अशी त्याची रचना असते. टाइल कोठेही चिकटवलेली वा ठोकलेली नसते. ती हाताने उचलून बाजूला करता येते आणि वरच्या पोकळीतील वायरी, पाण्याचे नळ, वातानुकूलन यंत्रणेचे डक्ट यांपर्यंत पोहोचता येते. बिघडलेली तेवढी एक टाइल काढावी व तेथे दुसरी ठेवावी, हाच या छताचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला जातो.

प्रत्यक्षात हा गुण वापरण्याची वेळ आली की अडचणींना सुरुवात होते. पावसाळ्यात गच्ची झिरपते, वातानुकूलन यंत्राच्या पाण्याचा निचरा करणारा पाइप तुंबतो, चार-सहा टाइल्सवर तपकिरी डाग उमटतात, एखादी फुगून खाली कोसळते. मग शोध सुरू होतो. दुकानात ‘अगदी तशीच’ टाइल मिळत नाही. मिळाली तर सांगाड्यात नीट बसत नाही. आणि बसलीच तर जुन्या टाइल्समध्ये ती ठिगळासारखी उठून दिसते. अखेर ठेकेदार संपूर्ण छत बदलण्याचा सल्ला देतो. ३० फूट लांब व २० फूट रुंद अशा दालनात सुमारे १५० टाइल्स असतात. सहा टाइल्सच्या नुकसानीपायी १५० टाइल्स काढून टाकणे लहान संस्थेला परवडणारे नसते आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. जुळणारी टाइल शोधण्याचे एक शास्त्र आहे. ते समजून घेतले तर हा खर्च टळू शकतो.

जुन्या वाड्यांतील लाकडी तक्तपोशीची एखादी फळी किडली तर सुतार त्याच जातीचे लाकूड रंधून नवी फळी बसवीत असे. मोजमाप हातातले होते आणि साहित्यही जागेवर घडत होते. टांगत्या छताची गोष्ट निराळी आहे. ती पूर्णपणे कारखान्याची निर्मिती आहे. अशा छतांच्या आरंभीच्या काही पद्धतींत टाइल्स एकमेकींत अडकवलेल्या असत. त्यामुळे एक टाइल काढण्यासाठी शेजारच्या अनेक टाइल्स उतरवाव्या लागत. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या डोनाल्ड ब्राउन यांनी १९५८ मध्ये सहज उघडता येणाऱ्या टांगत्या छताच्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९६१ मध्ये ते त्यांना मिळाले. कोणतीही टाइल स्वतंत्रपणे उचलता यावी, हीच त्यामागील कल्पना होती. टाइल्सचे साहित्यही बदलत गेले. १९२० च्या दशकात अमेरिकेतील लुईझियाना राज्यात उसाच्या चिपाडापासून ‘सेलोटेक्स’ हे बोर्ड तयार होऊ लागले होते. पुढे खनिज तंतू, जिप्सम, कॅल्शियम सिलिकेट आणि धातू यांच्या टाइल्स आल्या. भारतात या छतांचा मोठा प्रसार १९९१ नंतरच्या उदारीकरणाच्या काळात, नव्या कार्यालयांबरोबर झाला. त्यामुळे आज बदलण्याच्या अवस्थेला आलेल्या टाइल्सपैकी कितीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि त्यांचे नमुने बाजारातून केव्हाच गेलेले आहेत.

आधी गळती, मग टाइल

डाग पडलेली टाइल बदलण्यापूर्वी ती का भिजली, हे शोधणे क्रमप्राप्त आहे. डाग नेमका कोठे आहे, यावरून बरेच कळते. वातानुकूलन यंत्राच्या किंवा डक्टच्या खालीच डाग असेल तर निचऱ्याचा पाइप अथवा डक्टवरील निघालेले आवरण याचा संशय घ्यावा. असा डाग भर उन्हाळ्यातही पडतो. शौचालयाच्या किंवा पँट्रीच्या खालचा डाग नळजोडणीकडे बोट दाखवितो. केवळ जून ते सप्टेंबर या काळातच वाढणारा डाग गच्चीच्या किंवा बाहेरच्या भिंतीच्या गळतीचा असतो. पाणी स्लॅबच्या उतारावरून वाहत जाऊन दूरच्या टाइलवर पडू शकते, म्हणून डागाच्या वरच भोक असेल असे समजू नये.

भिजलेली खनिज तंतूंची टाइल वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. आत ओल राहिल्यास बुरशी धरते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शाळा व व्यापारी इमारतींतील बुरशीविषयी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही भिजलेल्या छताच्या टाइल्स टाकून नव्या बसवाव्यात, असेच सुचविले आहे. रुग्णालये आणि पाळणाघरे यांच्या बाबतीत तर ही तडजोड करूच नये.

‘दोन बाय दोन’चा घोळ

टाइल न जुळण्याचे सर्वांत सामान्य कारण रंग नसून मोजमाप हे आहे. भारतात मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. पण बांधकामाच्या बाजारातील बोली अजूनही फुटांचीच आहे. सीलिंगवाला कारागीर ‘दोन बाय दोन’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ दोन फूटही असू शकतो आणि ६०० मिलिमीटरही. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. फरक जेमतेम एका सेंटिमीटरचा. पण छताच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ६०० मिलिमीटर हे माप टाइलचे नसून सांगाड्याचे आहे. उलट्या ‘टी’ अक्षरासारख्या दोन पट्ट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे ते अंतर होय. त्यात बसणारी टाइल साधारणपणे ५९५ मिलिमीटरची असते. अमेरिकी पद्धतीच्या दोन फुटी सांगाड्यात बसणाऱ्या टाइलचे प्रत्यक्ष माप पावणेचोवीस इंच, म्हणजे सुमारे ६०३ मिलिमीटर असते. भारतातील कार्यालयांत ६०० मिलिमीटरचा सांगाडाच अधिक आढळतो. तथापि जुन्या कामांत, परदेशी कंपन्यांच्या आराखड्यांवरून झालेल्या कार्यालयांत किंवा स्थानिक कारागिराने फुटपट्टीने आखलेल्या छतांत दोन फुटी सांगाडाही भेटतो.

६०३ मिलिमीटरची टाइल ६०० मिलिमीटरच्या सांगाड्यात जातच नाही. ती कापावी लागते. उलट प्रकारची चूक जास्त धोक्याची आहे, कारण ती चटकन दिसत नाही. सांगाड्याच्या पट्टीची दर्शनी रुंदी बहुधा २४ मिलिमीटर असते. ६०० मिलिमीटरच्या सांगाड्यात दोन पट्ट्यांमधील मोकळी जागा ५७६ मिलिमीटर उरते आणि ५९५ मिलिमीटरची टाइल प्रत्येक बाजूला नऊ-साडेनऊ मिलिमीटर टेकते. हीच टाइल दोन फुटी सांगाड्यात ठेवली तर मोकळी जागा जवळजवळ ५८६ मिलिमीटर होते आणि टाइलला प्रत्येक बाजूला पाच मिलिमीटरही आधार मिळत नाही. टाइल एका कडेला सरकली की दुसरी कड पट्टीवरून सुटते. पट्टी १५ मिलिमीटरची नाजूक असेल तर मोकळी जागा ५९५ मिलिमीटरच्या जवळ जाते; तेथे टाइलला आधार असा उरतच नाही. दार आपटले किंवा वातानुकूलन सुरू झाले तरी ती खाली येऊ शकते.

हा घोळ टाळण्याचा मार्ग सोपा आहे. एकच चौकोन मोजण्याऐवजी ओळीने दहा चौकोन मोजावेत. पहिल्या पट्टीच्या मध्यापासून अकराव्या पट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर ६,००० मिलिमीटर भरले तर सांगाडा मेट्रिक आहे. ६,०९६ च्या आसपास भरले तर तो फुटांचा आहे. साध्या टेपनेही जवळजवळ १० सेंटिमीटरचा हा फरक चुकत नाही. दालन लहान असल्यास पाच चौकोन पुरेत. तेव्हा फरक ४८ मिलिमीटर येतो. भिंतीलगतचे चौकोन मोजमापात धरू नयेत, कारण ते जागेनुसार कापलेले असतात.

कड, जाडी आणि पोत

माप निश्चित झाल्यावर टाइलची कड पाहावी. खालून पाहिले असता टाइलचा पृष्ठभाग पट्टीच्या वर, आत बसल्यासारखा दिसत असेल तर ती सरळ कडेची साधी टाइल होय. पृष्ठभाग पट्टीच्या खाली थोडा उतरलेला दिसत असेल तर कडेला पायरी कोरलेली आहे, असे समजावे. बाजारात तिला ‘टेग्युलर’ म्हणतात. १५ मिलिमीटरच्या पट्टीसाठी हीच पायरी अरुंद असते. २४ मिलिमीटरसाठीची टेग्युलर टाइल १५ मिलिमीटरच्या सांगाड्यात ठेवल्यास चहूबाजूंना काळी फट दिसते. तिसरा प्रकार सांगाडा अजिबात न दिसणाऱ्या छताचा. त्यात टाइलच्या कडेतील खाचेत पट्टी लपलेली असते. अशी टाइल जोर लावून उपटू नये. बहुतेक छतांत एक-दोन ठरावीक जागांपासूनच ती उघडता येते.

साध्या कडेच्या टाइलची जाडी दर्शनी भागावर परिणाम करीत नाही. टेग्युलर टाइलच्या बाबतीत मात्र पायरीची खोली एक-दोन मिलिमीटरने चुकली तरी तिरप्या उजेडात ती टाइल शेजारणींपेक्षा वर किंवा खाली आहे, हे लगेच कळते. जाडी साधारणतः १२ ते २० मिलिमीटरच्या दरम्यान असते. ती कडेवर नव्हे, टाइल उतरवून मोजावी.

पोताचे प्रकार अनेक. लांबट चिरा, बारीक चिरा, टाचणीची भोके, वाळूसारखा खरखरीतपणा, निव्वळ गुळगुळीतपणा किंवा यांचे मिश्रण. डोळ्यांना हे सारे एकसारखे वाटते आणि छायाचित्रात तर अधिकच. म्हणून छायाचित्र काढायचे झाल्यास ते समोरून फ्लॅश टाकून काढू नये. त्याने पोत पुसला जातो. टाइलच्या एका बाजूने तिरपा प्रकाश टाकावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी. त्याहून उत्तम म्हणजे एक धड टाइल उतरवून दुकानात नेणे. तुटलेल्या तुकड्यावरून कड कळत नाही आणि चिरांच्या मांडणीचा अंदाजही येत नाही.

चिरांना काही वेळा दिशा असते. अशा टाइल्सच्या पाठीवर बाण छापलेला असतो. मूळ कारागिराने सर्व बाण एकाच दिशेला ठेवले होते की एकाआड एक आडवे-उभे, हे दोन-तीन टाइल्स उचलून पाहावे. योग्य टाइल आणूनही ती ‘वेगळी’ दिसण्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

पाठीवरचा शिक्का

टाइलच्या पाठीमागे शाईचा शिक्का असतो. उत्पादकाचे नाव, नमुन्याचा क्रमांक, अग्निवर्गीकरण, कधी उत्पादनाची तारीख अशी माहिती त्यावर मिळते. डागाळलेल्या टाइलवरील शिक्का पाण्याने पुसट झालेला असतो. तेव्हा कोरड्या कोपऱ्यातील एखादी टाइल उचलून पाहणे श्रेयस्कर. शिक्का नसल्यास इमारतीच्या मूळ कामाची बिले, निविदेतील तपशील किंवा वास्तुविशारदाच्या आराखड्यावरील टीप उपयोगी पडते.

येथे नावांचा एक पेच आहे. ‘आर्मस्ट्राँग’ हे खरे तर अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे १८६० मध्ये बुचांच्या व्यवसायातून उभ्या राहिलेल्या कंपनीचे नाव. भारतातील बाजारात ते इतके रुळले की कोणत्याही खनिज तंतूच्या छताला कारागीर ‘आर्मस्ट्राँगचे सीलिंग’ म्हणू लागले. त्यामुळे ‘आमचे सीलिंग आर्मस्ट्राँगचे आहे’ या वाक्यावर विसंबून मागणी नोंदवू नये. पाठीवर भलतेच नाव निघण्याची शक्यता असते.

दुसरे असे की, कंपन्यांची मालकीही बदलली आहे. आर्मस्ट्राँगचा युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका व आशिया-पॅसिफिक भागातील छताचा व्यवसाय जर्मनीच्या क्नाऊफ समूहाकडे देण्याचा व्यवहार २०१९ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी क्नाऊफने अमेरिकेची यूएसजी ही कंपनीही घेतली आणि यूएसजी-बोरल या संयुक्त उपक्रमातील बोरलचा हिस्सा २०२१ मध्ये त्याच समूहाकडे गेला. एकेकाळी परस्परांशी स्पर्धा करणारी नावे अशा रीतीने एका घरात आली. जुन्या शिक्क्यावरील नाव दुकानदाराला ठाऊक नसले म्हणजे टाइल नामशेष झाली असे नव्हे. तोच नमुना नव्या नावाने विकला जात असू शकतो. जुना क्रमांक व टाइलचे छायाचित्र देऊन उत्पादकाच्या तांत्रिक विभागाला ‘याला पर्यायी नमुना कोणता’ असा थेट प्रश्न विचारावा. किरकोळ दुकानदारापेक्षा अधिकृत वितरक आणि वितरकापेक्षा मोठी कामे घेणारा सीलिंगचा ठेकेदार या बाबतीत अधिक कामाचा. त्याच्या गोदामात मागील कामांतून उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या पेट्या पडून असतात. एखाद्या जवळच्या कार्यालयाचे नूतनीकरण चालू असेल तर उतरवलेल्या टाइल्सची चौकशी करण्यास संकोच करू नये. सांगाड्याचा धातू भंगारात विकला जातो, टाइल्स मात्र बहुतेक वेळा राडारोड्याबरोबर फेकल्या जातात.

पांढऱ्याच्या अनेक छटा

माप, कड, जाडी, पोत, सारे जुळले तरी रंगाचा प्रश्न उरतोच. छताची टाइल वर्षानुवर्षे धूळ, धूर आणि प्रकाश यांच्या संपर्कात राहून पिवळसर, राखाडी होत जाते. ज्या कार्यालयांत पूर्वी धूम्रपान चालत असे तेथे हा पिवळेपणा अधिक. वातानुकूलनाच्या जाळीभोवती धुळीचे काळपट पट्टे उमटतात. अशा छतात कारखान्यातून त्याच दिवशी निघालेली, त्याच क्रमांकाची टाइल ठेवली तरी ती वेगळीच दिसणार. शिवाय कारखान्यांची ‘पांढऱ्या’ची व्याख्याही एक नाही. युरोपीय रंगतक्त्यातील ९०१० या क्रमांकाचा पांढरा किंचित उबदार, तर ९००३ आणि ९०१६ हे अधिक शुभ्र व थंड. धातूच्या टाइल मागवताना हा क्रमांक न सांगितल्यास चूक अटळ असते.

या प्रश्नाचे सर्वांत परिणामकारक उत्तर दुकानात नसून त्याच इमारतीत असते. प्रत्येक कार्यालयात न दिसणारे छत पुष्कळ असते : कपाटांच्या वरचे, भांडारगृहातले, सर्व्हर खोलीतले, पॅसेजच्या टोकाचे, दाराच्या मागचे. तेथील जुन्या, तितक्याच वय झालेल्या धड टाइल्स काढून दर्शनी दालनात बसवाव्यात आणि नव्या, थोड्या वेगळ्या टाइल्स भांडारगृहात जाऊ द्याव्यात. रंग, पोत, झीज सारे एकाच वेळी जुळते, कारण ती टाइल त्याच पेटीतून आलेली असते. नव्या टाइलचे माप व कड तेवढी बरोबर असली की झाले. अनुभवी देखभाल कर्मचारी हे सर्रास करतात. पण निविदा काढून काम करून घेणाऱ्या संस्थांच्या लक्षात ही युक्ती येत नाही, आणि ती ठेकेदाराने सुचवावी अशी अपेक्षा ठेवणेही व्यर्थ आहे.

नुकसान मोठे असेल तर हीच कल्पना थोडी विस्तारता येते. दाराने स्वतंत्र झालेली एक लहान खोली निवडावी व तिचे छत संपूर्ण नव्या टाइल्सचे करावे. तेथून १२ फूट बाय १० फुटांच्या खोलीतही तीसेक जुन्या टाइल्स हाती येतात. कापलेल्या कडेच्या टाइल्स वजा केल्या तरी वीसच्या आसपास धड टाइल्सचा साठा होतो आणि पुढच्या काही वर्षांची सोय होते. दोन छते एकाच नजरेत येत नसल्यामुळे फरक कोणाला जाणवत नाही. एकसंध मोठ्या दालनात हे शक्य नसल्यास फरक लपविण्याऐवजी तो मुद्दाम केल्यासारखा दाखवावा. भिंतीलगतची पूर्ण एक ओळ किंवा दिव्यांच्या रांगांमधील पूर्ण पट्टा नव्या टाइल्सचा केला तर तो रचनेचा भाग वाटतो. विखुरलेल्या सहा टाइल्स मात्र नेहमीच दुरुस्ती वाटतात. जुने नळीचे चौकोनी दिवे काढून एलईडी दिवे बसवितानाही टाइल्सचा हिशेब करावा. ६०० मिलिमीटरचा चौकोनी एलईडी दिवा टाइलच्याच जागेत बसतो आणि एक टाइल मोकळी करतो. उलट मोठा दिवा काढून छोटे गोल दिवे लावले तर तितक्या टाइल्स नव्याने लागतात, आणि त्याही भोक पाडून.

जुन्या-नव्या सर्व टाइल्सना रंग देऊन एकसारखे करण्याचा उपाय कारागीर हमखास सुचवितात. तो सरसकट त्याज्य नाही; परंतु त्यात गमावण्यासारखे पुष्कळ आहे. खनिज तंतूच्या टाइलची भोके व चिरा शोभेसाठी नसतात. त्या आवाज शोषून घेतात. भिंतीचा रंग रोलरने जाड थापला की त्या बुजतात आणि वाचनालय किंवा बँकेचे दालन घुमू लागते. रंगाच्या ओलीने टाइल वाकू शकते आणि अग्निवर्गीकरणाची हमीही राहत नाही. रंगवायचेच झाल्यास उत्पादकाने मान्य केलेला, पाण्यात मिसळणारा, चमक नसलेला रंग फवाऱ्याने पातळ द्यावा. पाण्याचा तपकिरी डाग साध्या इमल्शनमधून पुन्हा वर येतो. त्यावर आधी डाग रोखणारा प्रायमर लागतो.

साहित्य बदलताना

जुळणारी टाइल मिळत नाही म्हणून त्याच मापाची वेगळ्या साहित्याची टाइल ठेवली जाते. पीव्हीसीचा थर दिलेली जिप्समची टाइल यासाठी लोकप्रिय आहे. ती पुसता येते, बाजारात सहज मिळते. तथापि तिचे वजन लक्षात घ्यायला हवे. ५९५ मिलिमीटरची खनिज तंतूची टाइल साधारण दीड किलोच्या आसपास भरते, तर साडेबारा मिलिमीटर जाडीची जिप्समची टाइल तीन किलोपर्यंत जाते. दोन-चार टाइल्सनी सांगाड्याला फरक पडणार नाही. शंभर टाइल्स बदलल्या तर टांगणाऱ्या तारांची संख्या व त्यांची पकड तपासून घ्यावी लागेल. थर्माकोलच्या हलक्या टाइल्स स्वस्त म्हणून कार्यालयात आणू नयेत. त्या पेट घेतात आणि जळते थेंब खाली पडतात.

कोकण व मुंबईसारख्या भागांत दमटपणाची क्षमताही पाहावी. पावसाळ्यात तेथील हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि रात्री, सुट्टीच्या दिवशी वातानुकूलन बंद असते. नव्या टाइलच्या माहितीपत्रकात आरएच ९०, ९५ किंवा ९९ असा आकडा असतो. जुन्या टाइल्स मधोमध खाली झोल पडलेल्या दिसत असतील तर त्या कमी क्षमतेच्या होत्या, हे उघड आहे. तेथे तंतोतंत तीच टाइल शोधण्यात अर्थ नाही.

अग्निसुरक्षेचा आकडाही पाठीवर किंवा माहितीपत्रकात असतो : ब्रिटिश पद्धतीत बीएस ४७६ नुसार वर्ग, युरोपीय पद्धतीत ए ते एफ अशी श्रेणी. नवी टाइल जुन्याहून खालच्या वर्गाची नसावी. जिने आणि बाहेर पडण्याच्या मार्गांवर तर यात सवलत घेऊच नये.

१९८० पूर्वीच्या इमारतींबाबत वेगळी सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या शासकीय इमारतींत, वसाहतींत उतरत्या छपराखाली ॲस्बेस्टॉस सिमेंटचे सपाट पत्रे ठोकलेले आढळतात आणि परदेशी बनावटीच्या त्या काळच्या काही टाइल्समध्येही ॲस्बेस्टॉस असे. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासावा लागतो. शंका असेल तर असे छत कापू, घासू वा फोडू नये. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि दुष्परिणाम दशकांनंतर दिसतात.

रिकामा चौकोन

योग्य टाइल मिळेपर्यंत चौकोन उघडा ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. महिनोन् महिने तो तसाच राहतो. त्यातून केवळ विद्रूपता येते असे नाही. आग लागल्यास धूर व उष्णता त्या भोकातून वरच्या पोकळीत निघून जाते. परिणामी छतावरील धूरशोधक आणि पाण्याचे फवारे उशिरा कार्यान्वित होतात. वरच्या पोकळीतूनच हवा परत खेचणाऱ्या वातानुकूलन यंत्रणेचा समतोलही बिघडतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतींच्या मालकांना अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. धूरशोधक चालू आणि शेजारची टाइल गायब, ही स्थिती त्या प्रमाणपत्राला शोभणारी नाही. तोवर भांडारगृहातील टाइल आणून तरी तो चौकोन बंद करावा.

मागणी नोंदवताना टाइल्स पेटीने मिळतात, हे ध्यानात ठेवावे. जाडीनुसार पेटीत साधारण दहा ते वीस टाइल्स असतात. सहा हव्या असल्या तरी पेटी घ्यावी लागते आणि ते योग्यच आहे. मोठ्या कामांच्या निविदांत एकूण टाइल्सच्या सुमारे दोन टक्के जादा टाइल्स देखभालीसाठी देण्याची अट घातली जाते, ती लहान कामांतही घालावी. पूर्ण पेटी घेण्यापूर्वी एकच नमुना टाइल मागवून ती प्रत्यक्ष छतात ठेवावी. दिवसाच्या उजेडात एकदा आणि दिवे लावून एकदा, दालनाच्या दारातून पाहावी. नवी टाइल बसवण्याआधी एक दिवस त्याच खोलीत उघडून ठेवावी, म्हणजे तेथील हवेशी ती जुळते. स्वच्छ पांढरे सुती हातमोजे घालावेत. घामट बोटांचे ठसे पुसले जात नाहीत. टाइल तिरपी करून कर्णरेषेत वर न्यावी आणि मग अलगद खाली बसवावी. त्यापूर्वी त्या भागातील वीजपुरवठा बंद करणे व नाकातोंडाला मास्क लावणे आवश्यक आहे. वर धूळ, उंदरांची विष्ठा आणि उघड्या वायरी, तिन्ही असतात.

बसवलेल्या टाइलच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख लिहावी आणि नमुन्याचा क्रमांक, कड, जाडी व वितरकाचे नाव देखभालीच्या वहीत नोंदवावे. उरलेल्या टाइल्स पेटीतच, आडव्या, कोरड्या जागी ठेवाव्यात. त्या सोयीचे म्हणून छताच्या वरच्या पोकळीत सरकवून ठेवण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती पूर्णपणे चुकीची आहे, कारण सांगाडा एका थराचे वजन पेलण्यासाठी बनवलेला असतो आणि गळती झालीच तर जपून ठेवलेल्या टाइल्स सर्वांत आधी भिजतात.